वसूल रुपये दोन

आमच्या गावच्या घरात, माजघराच्या भिंतीवर, खंडोबा आणि विठ्ठल-रखुमाई यांच्या मधोमध एक सनद टांगलेली असायची. गाव सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं, येरळा नदीपासून थोडं आत. सनद म्हणजे हातभर लांबीचा, चहा सांडल्यासारखा पिवळा पडलेला कागद. वर डाव्या कोपऱ्यात उंदराने निम्मा खाल्लेला शिक्का, मध्ये पंधरा-सोळा ओळी मोडी, आणि तळाशी शाईने काढलेली एक तलवार. १९७८ साली आप्पांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, ती वडूजला नेऊन काच लावून आणली. दर दसऱ्याला पाटीपूजनाच्या शेजारी ती भिंतीवरून खाली उतरायची, तिला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची, आणि आप्पा आम्हा पोरांना सांगायचे, “पेशव्यांनी दिलीया. आपल्या मूळ पुरुषाला. लढाईत लई मर्दुमकी केली म्हणून.”

कुठल्या लढाईत, ते दरवर्षी बदलायचं. माझ्या लहानपणी पानिपत होतं, मी कॉलेजात जाईपर्यंत त्याचं खर्डा झालं होतं. पानिपतात हरलो होतो हे मध्यंतरी कोणीतरी आप्पांच्या लक्षात आणून दिलं असावं. कागद कुणालाच वाचता येत नव्हता, त्यामुळे वाद घालायलाही कुणाकडे काही नव्हतं.

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी मोडीचा वर्ग लावला, त्याला त्या सनदेचं निमित्त होतं. खरं कारण म्हणाल तर रविवार रिकामे झाले होते. लेक शिकायला बाहेरगावी गेली होती, आणि मी एका सहकारी बँकेत सत्तावीस वर्षं नोकरी करून अशा ठिकाणी पोचले होते जिथे सगळं येत असतं आणि नवीन काही शिकवायच्या फंदात कोणी पडत नाही. दहा रविवारांचा वर्ग, फी अगदी किरकोळ. दहा रविवारांत मोडी येते अशी माझी समजूत होती. बारा स्वर, पस्तीस-छत्तीस व्यंजनं, त्यातली बरीचशी बाळबोधसारखीच, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीसारखी. अवघड ते काय असणार?

सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर एकही अक्षर काढलं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ मारली. म्हणाले, “आधी दोरी बांधायची, मग कपडे वाळत घालायचे.” बाळबोधमध्ये आपण अक्षर काढतो आणि त्याच्या डोक्यावर रेघ देतो. मोडी लिहिणारा पानभर रेघा आधी मारून ठेवतो आणि मग त्यांना अक्षरं लटकवत जातो, हात शक्यतो न उचलता. हात उचलायचा नाही म्हणून अक्षरं वळतात, मोडतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात. कारकुनाचा वेळ वाचावा म्हणून ही लिपी झाली असं म्हणतात. हेमाडपंताने ती लंकेहून आणली अशी एक दंतकथाही आहे, जशी आपल्याकडे कोणत्याही जुन्या देवळाच्या बाबतीत पांडवांची असते. खरं खोटं सोडा. वाचणाऱ्याचा वेळ वाचावा असा विचार मात्र तिच्या बाबतीत कुणी केलेला दिसत नाही.

दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. पूर्णविराम नाही. इकार-उकार एकच, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. शुद्धलेखनात मार्क गेलेल्यांना ही लिपी स्वर्ग वाटेल, वाचायला लागेपर्यंत. सरावाच्या एका कागदात मी वाचलं की एका बाईने बाजारात दोन सुत विकले. मी हादरले. दुष्काळात पोटची पोरं विकल्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या, पण इतक्या शांतपणे, भावासकट? सर हसायला लागले. “अहो, सूत. कापसाचं.”

त्या दहा रविवारांत घरीदारी सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला: ध चा मा कसा करतात ते दाखव. नारायणरावाचा खून १७७३ सालचा, पण मोडी म्हटलं की अजून लोकांना तेवढंच आठवतं. मी दाखवायचे. दाखवता येईल इतपत अक्षरं काढायला आली होती. वर्ग संपला तेव्हा मला बाराखडी लिहिता येत होती, छापलेली मोडी अडखळत वाचता येत होती, प्रमाणपत्र मिळालं होतं, आणि आप्पांच्या सनदेचा मोबाइलवर काढलेला फोटो उघडला की त्यातला एक शब्दही कळत नव्हता. एकही नाही. छापील मोडी आणि कुणाच्या तरी हातची मोडी यांत जे अंतर आहे ते पोहण्याच्या पुस्तकात आणि विहिरीत असतं तेवढं.

मी सोडून दिलं. यात नाट्यमय काही नव्हतं. वही कपाटात गेली, वर आयकराची कागदपत्रं आली.

आता मध्येच बँकेतली गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. आमच्या शाखेत बचत गटाच्या एक मावशी यायच्या. साठीच्या पुढच्या, भाजी विकणाऱ्या. वर्षानुवर्षं अंगठा द्यायच्या. एक दिवस पैसे काढायच्या स्लिपवर त्यांनी शाईचं पॅड बाजूला सारलं आणि म्हणाल्या, “मला सही येतीय आता.” नातीने शिकवली होती. मी पेन दिलं. त्यांनी पेन मुठीत धरलं, स्लिप वाकडी करून घेतली, आणि आधी एक रेघ मारली. मग त्या रेघेला एकेक अक्षर लावायला लागल्या. तीन अक्षरं झाली, चौथं चुकलं. रांगेत दहा-बारा माणसं. मी म्हटलं, “मावशी, आज अंगठा द्या ना, सही पुढच्या वेळी करा.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन ठेवलं, आणि अंगठा दिला. ही गोष्ट मी मोडी शिकायच्या आधीची. तेव्हा मला तिच्यात काही वावगं वाटलं नव्हतं. नियमात बसणारं होतं, रांगही खरी होती.

वही कपाटात टाकल्यावर एका दुपारी त्या मावशी पुन्हा काउंटरवर आल्या आणि सरळ सही करून गेल्या. मिनीटभर लागला असेल. नाव पूर्ण, आडनावाचं पहिलं अक्षर जरा रेघेखाली घसरलेलं. मी नमुन्याच्या सहीशी ताडून पाहायला कार्ड काढलं तर त्यावर अजून अंगठाच. म्हणजे सहीचा नमुना बदलून घ्यायचा अर्ज भरावा लागणार होता. त्यांनी तोही भरला, म्हणजे मी भरला, त्यांनी तीन ठिकाणी सही केली. तिन्ही वेळा आधी रेघ. मी त्या रेघेकडे बघत राहिले. दोरी बांधायची, मग कपडे.

त्या रात्री वही परत काढली. मावशींमुळे मला स्फूर्ती वगैरे मिळाली असं म्हणवत नाही. लाज वाटली, एवढंच. आणि लाज हे इंधन वाईट नसतं, फार दिवस पुरत नाही इतकंच.

फार दिवस पुरलं ते दुसरंच. बँकेतल्या माणसाला व्याज कळतं. पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं की विसरण्याचंही व्याज चढतं. रोज अर्धा तास बसले तर कालचं आणि आजचं मिळून थोडं पुढे सरकायचं. चार दिवस बसले नाही तर त्या चार दिवसांचं राहून जायचंच, वर आधीच्या आठवड्याचंही निम्मं बुडायचं. म्हणजे हप्ता चुकला की दंड. मग मी हिशेब सोपा केला. रोज बसायचं, कितीही थोडं. दमून आलेल्या दिवशी पाच ओळी. ताप होता तेव्हा एक ओळ, तीही तिरकी. एका ओळीने मोडी येत नाही हे मलाही कळत होतं. ती ओळ त्या दिवसाचं व्याजही भागवत नसेल. पण खातं बंद पडत नव्हतं.

आपल्याकडे कष्टाची स्तुती फार मोठ्या आवाजात होते. शाळांच्या भिंतींवर, टेम्पोच्या मागे, सेवानिवृत्तीच्या भाषणांत. मोठ्या माणसांची उदाहरणं येतात. मोडीच्या वर्गातही राजवाड्यांची आली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरं शोधत, लोकांच्या माळ्यांवरून कागद खाली काढत. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, आणि पुढे असे बावीस झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं त्यातही ते. मग इतिहासकार गो. स. सरदेसाई. १९३० ते १९३४ या चारेक वर्षांत पेशवे दफ्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड. ऐकून छाती दडपते आणि माणूस दुसऱ्या दिवशी मुकाट टीव्ही लावतो. माझा तरी अनुभव तसा आहे. राजवाड्यांच्या उंचीचा मला काहीही उपयोग झाला नाही. भाजीवाल्या मावशींच्या घसरलेल्या अक्षराचा झाला.

सरावाची पद्धत सांगते, कोणाला हवी असेल तर. वाचायचा प्रयत्न करायचाच नाही. जुन्या कागदाचा फोटो समोर ठेवायचा आणि ते वळण जसंच्या तसं गिरवायचं, अर्थ कळो न कळो. शाळेत कित्ता गिरवायचो तसं. सरांनी हे पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, तेव्हा मला ते बालिश वाटलं होतं. पण एकाच माणसाच्या हातची वीस पानं गिरवली की त्याची खोड कळायला लागते. हा कुठे घाई करतो, याचा र कुठल्या अक्षराला कसा चिकटतो, थकल्यावर याच्या ओळी खाली कशा उतरतात. हाताला कळतं आधी, डोळ्याला मागाहून. मग एके दिवशी गिरवता गिरवता शब्द आपोआप फुटतो. ‘बी’ आणि पुढे दोन दंड: बिन, म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘मौजे’. ‘पैकी’. ‘सदरहू’. तुटक तुटक. शेतात फिरताना पायाखाली ओळखीचा दगड लागावा तसं.

दुसरी एक वही केली, चुकांची. त्यात काय चुकीचं वाचलं आणि खरं काय होतं, एवढंच. त्या वहीची पहिली चाळीस पानं वाचून माझी भाची पोट धरून हसली. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, जुन्या रजिस्टरांतली मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला, तेव्हा हीच भाची म्हणाली, “आत्या, आता तुझी चलती!” मी म्हटलं, अजून सुताचा आणि मुलाचा फरक कळत नाही, नोंदी कुठल्या वाचते.

तरी त्याच वर्षी, पावसाळ्यात, एका बुधवारी रात्री साडेदहाला मी आप्पांच्या सनदेची पहिली ओळ वाचली. मोबाइल भांड्याच्या स्टँडला टेकवून ठेवला होता. शके १७९६, भावनाम संवत्सरे. मी परत वाचली. शके १७९६ म्हणजे अठ्ठ्याहत्तर मिळवा, १८७४. पेशवाई जाऊन छप्पन्न वर्षं झालेली. पुढे ज्येष्ठ महिना, आणि मग ते चार शब्द, जे मी आधी किमान शंभर वेळा गिरवले असतील: खत लिहून दिल्हे ऐसाजे.

खत. कर्जरोखा.

त्या रात्री उरलेल्या चौदा ओळी झाल्या नाहीत. त्यांना पाच आठवडे लागले. रुपये साठ, बैल आणि बियाण्याकरता. व्याज दरमहा दरशेकडा दोन. अमुक नंबरची जमीन तारण. शिक्का पेशव्यांचा नव्हता, सरकारी तिकिटाच्या कागदाचा होता. आणि तळाशी ‘निशाणी’ असा शब्द, त्याच्या पुढे तलवार. मी फोटो मोठा केला. पातं जिथे रुंद व्हायला हवं होतं तिथे ते खाली वाकलं होतं, आणि मुठीच्या जागी दोन फाटे. नांगर होता तो. लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगर काढायचा, ही जुनी रीत. बँकेत अंगठ्याला आम्ही जे म्हणतो तेच. आमच्या मूळ पुरुषाचं शस्त्र.

आप्पांना सांगायचं की नाही यावर घरात दोन मतं होती. नवरा म्हणाला, पंचाहत्तरीच्या माणसाची सनद काढून घेऊन तुला काय मिळणार? मला ते पटत होतं आणि राहवतही नव्हतं. दिवाळीत गावी गेले तेव्हा सांगून टाकलं. आप्पा ओट्यावर बसून लसूण सोलत होते. ऐकून घेतलं. सोलायचं थांबले नाहीत.

मग विचारलं, “फेडलं का न्हाय?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“अगं, साठ रुपयं घेतलं म्हणतीस. ते फेडलं का न्हाय आपल्या माणसानं?”

या प्रश्नाचा मी विचारच केला नव्हता. बँकेत सत्तावीस वर्षं काढलेली बाई, आणि कर्जाचा कागद वाचून तारीख, रक्कम, व्याजाचा दर बघून खूश झाले. फेड बघायची राहिली. पण आप्पा पुढचं बोलले ते त्याहून सरळ होतं. “कागद आपल्या घरात हाय म्हंजी फेडलं असंल. न्हायतर सावकारानं कशाला दिला असता?”

बरोबर. कर्ज फिटलं की खत ऋणकोला परत मिळतं. जाऊन फ्रेम उतरवली. पत्र्याच्या चुका गंजून काचेला चिकटल्या होत्या, त्या आप्पांनी पकडीने एकेक उपटल्या. पाठीला लावलेला पुठ्ठा काढला. पंचेचाळीस वर्षांत त्या बाजूला उजेड लागला नव्हता. तिथे बारा ओळी होत्या, वेगवेगळ्या शाईच्या, वेगवेगळ्या दिवसांच्या. प्रत्येकीची सुरुवात एकाच शब्दाने. वसूल.

तो शब्द मात्र मला लांबूनच वाचता आला.

त्या बारा ओळी लावायला मला पुढचा उन्हाळा संपला. पहिली शके १७९७ची, म्हणजे १८७५, वसूल रुपये दहा. हे वर्ष साधं नाही. याच वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली आणि खतं आणून रस्त्यावर जाळली. मग पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव तेच झालं. लोकांना पैशांपेक्षा कागद हवे होते, जाळायला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, तो युद्ध संपताच कोसळला. शेतसारा वाढलेला. शिवाय खतावर दावा लावायला कायद्याने तीन वर्षांची मुदत, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घ्यायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिसळायचा. साठाचे ऐंशी, ऐंशीचे सव्वाशे. खतं जाळणारी ती माणसं आमच्या पूर्वजापेक्षा कमी कष्ट करणारी होती असं मला कोणी सांगू नये. त्याच मातीत, तसेच बैल घेऊन, तेवढेच तास राबणारी होती. व्याजाचा दर कष्टाहून जास्त असला की चिकाटीला फार काही करता येत नाही. घामाचं मोल वगैरे बोलताना आपण हा दर विचारत नाही.

दुसरी ओळ शके १७९८, वैशाख. वसूल रुपये पाच. त्याच वर्षी पाऊस गेला. १८७६ ते ७८चा दुष्काळ आमच्याकडच्या माणदेश-खटावच्या पट्ट्यात काय झाला असेल याची कल्पना आजही उन्हाळ्यात तिकडून एसटीने जाताना येते. कागदाच्या पाठीवर त्यानंतर एक बोटभर जागा कोरी आहे. शके १७९९, ईश्वरनाम संवत्सर, काही नाही. शके १८००, त्या संवत्सराचं नाव बहुधान्य, काही नाही. पंचांग करणाऱ्यांना दोष देता येत नाही, नावं साठ वर्षांच्या चक्रात ठरलेलीच असतात.

मग शके १८०१, चैत्र. वसूल रुपये दोन.

साठ रुपयांवर दरमहा शेकडा दोन म्हणजे वर्षाला चौदा रुपये सहा आणे आणि वर काही पै. जवळजवळ तीन वर्षांचा खाडा. फक्त व्याजच चाळीसच्या वर गेलेलं. त्यावर दोन रुपये. कर्जाच्या कारभारात मी आयुष्य घालवलं, असा भरणा घेऊन कोणी काउंटरवर आलं तर मी काय म्हटलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हटलं असतं, दादा, याने काय होणार? आणि बारा ओळींत फक्त याच ओळीपुढे पुन्हा नांगर काढलेला आहे. लहानसा, हलणाऱ्या हाताने, एक फाटा शाई संपून अर्धवट राहिलेला. वैशाख ते चैत्र: तीन वर्षांची मुदत भरायला महिना उरला असताना. सावकाराने आता नवं खत लिही, व्याज मिसळून, असं म्हटलं असणार, आणि हा माणूस दोन रुपये घेऊन गेला असणार, जुनंच खत जिवंत ठेवायला. हा माझा अंदाज. कागद एवढंच सांगतो: रुपये दोन, आणि नांगर.

नशिबानेही साथ दिली असावी. त्याच १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना. त्याने कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ रक्कम किती आणि व्याज किती हे तपासायची मुभा मिळाली. सुप्याला ज्यांनी खतं जाळली त्यांच्यातले कितीतरी जण तुरुंगात गेले. पण ती जाळपोळ झाली नसती तर चौकशी नसती बसली, आणि कायदाही नसता आला. आमच्या माणसाचं शांतपणे फेडणं त्यांच्या आगीच्या उजेडात झालं, असंही म्हणता येईल. मला हे नीटनेटकं लावता येत नाही, तसंच ठेवते.

पुढच्या ओळी भराभर येतात. रुपये सात. रुपये चार आणे आठ. एक जोंधळ्याची, मण दोन. मग थोड्या मोठ्या रकमा. कुणीतरी मुलगा हाताशी आला असेल. शेवटची शके १८०७ची, म्हणजे १८८५: बाकी काही नाही, खत परत दिल्हे. अकरा वर्षं. वाचता आलेल्या रोख रकमांची बेरीज केली, ती व्याजाच्या कोणत्याच हिशेबात बसेना. म्हणजे सूट मिळाली, किंवा कायदा आड आला, किंवा मी कुठेतरी आणे चुकीचे वाचले. तिसरी शक्यता नाकारता येत नाही.

आप्पांना सगळं फोनवर वाचून दाखवलं. ते ‘हं, हं’ करत होते. दोन रुपयांपाशी म्हणाले, “परत वाच.” परत वाचलं. मग बराच वेळ फोनमध्ये फक्त पंख्याचा आवाज.

गेल्या दसऱ्याला गावी गेले. वडूजच्या दुकानातून फ्रेम नवीन आली होती. पाटावर पाटी, वह्या, आपट्याची पानं, कोयता, विळा, आणि मध्ये तो कागद. मी वाकून पाहिलं तर बारा ओळी वर. खत आत, पुठ्ठ्याकडे तोंड करून. आप्पांनी उलटा लावून आणला होता. नातवंडांना ते सांगत होते, “आपल्या माणसानं फेडलं ह्ये. समदं.” धाकट्याने विचारलं, “लढाईत?” आप्पा म्हणाले, “गप.”

हळदकुंकू वाहून झाल्यावर त्यांनी काचेवर बोट ठेवलं. सातव्या ओळीवर. जोंधळे मण दोन, त्यापुढे ‘व’, आणि त्यापुढे चार अक्षरांचा एक शब्द, जो मला वर्षभरात लागलेला नाही. धान्यासोबत त्याने आणखी काहीतरी दिलं होतं सावकाराला. तो मी सहा वेगवेगळ्या तऱ्हांनी वाचून पाहिला, चुकांच्या वहीत सहाही आहेत.

“लागलं का ह्ये?”

“न्हाय अजून.”

“घोंगडं असंल.”

“घोंगडं नाही आप्पा, शेवटचं अक्षर वेगळंय.”

“मग काय?”

“माहीत नाही ना.”

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे दिला, माझा गाडीत राहिला होता. “बस मग इथंच,” म्हणाले. “पुरणं व्हायला येळ हाय अजून.”